शिंगी कमान : अर्धवट कामाची पूर्तता

शिंगी कमान : लाकडाचा किंवा बांबूचा गाभा, त्याच्या पोटाला म्हशीच्या शिंगाची पट्टी, पाठीला जनावराच्या कंडरेचे धागे आणि या तिघांना धरून ठेवणारा सरस, अशा घडणीचे धनुष्य. पोट म्हणजे तिरंदाजाकडची बाजू, पाठ म्हणजे निशाणाकडची. संस्कृतात हे शार्ङ्ग. विष्णूच्या धनुष्याचे नाव तेच. कौटिलीय अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड व शिंग अशी धनुष्याची चार द्रव्ये दिली आहेत, आणि दोरीच्या द्रव्यांत मोरवेल, रुई, तागाबरोबर स्नायूही आहे. अग्निपुराणात धातू, शिंग व लाकूड ही तीन द्रव्ये येतात. मुसलमानी अमदानीत कमान हा फारसी शब्द रूढ झाला आणि ती घडवणारा तो कमानगर. आज मराठीत कमान दारावर असते नाहीतर घड्याळात. धनुष्याचा अर्थ मागे पडला. नेम धरणे या अर्थी ‘शिस्त धरणे’ मात्र टिकले. फारसीत शस्त म्हणजे अंगठा, तसेच दोरी ओढताना अंगठ्यात घालायची अंगठीही. जुन्या मराठी कागदांत ‘बाण’ दिसला की लगेच धनुष्य समजू नये. पुष्कळदा तो दारूचा अग्निबाण असतो.

नांदेड जिल्ह्यात किनवटकडच्या गोंड-कोलामांचा तिरकामठा बांबूचा, एकजिनसी असतो. शिंगी कमान मात्र फौजेची, विशेषतः घोडेस्वाराची. नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब येथे गुरू गोविंदसिंगांच्या (मृत्यू १७०८) म्हणून जतन केलेल्या शस्त्रांत धनुष्येही आहेत. फौजी धनुष्याची आठवण या भागात इतकी जवळ आहे. ते घडवण्याचे कसब मात्र उरलेले नाही. कच्छमधील कमानगर चितारी बनले आणि भिंतींवरच्या त्यांच्या चित्रांना कमानगरी हेच नाव पडले.

शिंग दाब सोसते, कंडरा ताण सोसते, गाभा मध्ये राहून दोघांना जागेवर ठेवतो. म्हणून ही कमान आखूड असूनही लांब ओढता येते. उतरवलेली कमान उलट्या बाजूला, निशाणाकडे वळून बसते, आणि नवखा माणूस ती आहे त्याच वळणात दोरी लावून चढवतो. तसे केल्यास शिंगावर ताण येतो आणि ते तडकते. जुन्या कमानींचा नाश युद्धापेक्षा अशा चढवण्याने जास्त झाला असेल.

अर्धवट कमान हाती आली की काम कुठे थांबले ते आधी पाहावे. नुसता गाभा आहे, शिंग बसले आहे, की कंडरेचे थरही चढले आहेत? तिन्ही द्रव्ये उघडी दिसत असल्याने अशी कमान पुऱ्या झालेल्या, रंगवलेल्या कमानीपेक्षा अभ्यासाला अधिक उपयोगी असते. ती पुरी करण्याची घाई करू नये. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते. तिची फक्त झीज थांबवावी, पूर्तता करू नये. पूर्तता अलीकडच्या कामाची.

नखाने शिंगावर टिचकी मारीत टोकापर्यंत जावे. जोड घट्ट असेल तिथे आवाज भरीव येतो, सुटला असेल तिथे पोकळ. कंडरेच्या थरात बारीक भोके आणि भुसा दिसला तर कसर लागली आहे. अशी कमान इतर वस्तूंपासून लगेच वेगळी ठेवावी.

दुरुस्ती शक्य होते ती सरसामुळे. कातडी-कंडरा उकळून केलेला सरस ऊब आणि ओल मिळताच सैल पडतो. जोड उकलून, घासून, पुन्हा बसवता येतो. इपॉक्सीने डागडुजी केलेल्या कमानीत ही वाटच बंद होते. माशाच्या भोतापासून (पोटातल्या हवेच्या पिशवीपासून) केलेला सरस अधिक चिवट. कोरियातले कारागीर तो क्रोकर कुळातल्या माशापासून करतात, आणि आपल्या किनाऱ्यावरचा घोळ त्याच कुळातला.

शिंगाची पट्टी बदलायची झाली तर जात पाहावी लागते. परभणी-नांदेडकडच्या मराठवाडी म्हशीचे शिंग जेमतेम खांद्यापर्यंत येते. पंढरपुरी म्हशीचे त्याहून पुष्कळ लांब, त्यामुळे एका बाजूची पट्टी बिनजोड निघू शकते. पट्टी आणि गाभा यांच्यावर दात्यांच्या हत्याराने लांबट चर पाडतात, दोन्ही अंगांना पातळ सरसाचे हात देतात आणि ओल्या दोरीने करकचून बांधतात.

कंडरेचे काम सर्वांत वेळखाऊ. मागच्या पायाची धोंडशीर वाळली की मधासारखी पिवळट आणि लाकडाइतकी टणक होते. लाकडी मोगरीने ठोकत राहिले की ती पांढरी पडते, फुटते आणि अंबाडीच्या वाखासारखे धागे सुटू लागतात. लोखंडी हातोडा वापरला तर धागेच तुटतात. हे धागे विंचरून, कोमट सरसात बुडवून, निथळून, पाठीवर लांबीच्या दिशेने एकाला एक भिडवून निजवतात. थर वाळताना आकसतो आणि कमानीला उलट बाक देतो. पुढचा थर त्यानंतरच. सरस उकळता वापरू नये, कारण फार गरम सरसात धागा गुंडाळून मुरडतो.

मराठवाड्याच्या हवेत सरसकाम दिवाळीनंतर, थंडीत करावे. मृगाचा पाऊस लागल्यावर सरस ओल धरतो. वैशाखाच्या कोरड्या झळांत तो ठिसूळ होतो. शेवटच्या थरानंतर काही महिने थांबावे लागते. तुर्की कारागीर वर्षभर, कधी त्याहून अधिक थांबत. भारतात पोलादी कमानीही होत, त्यामागे हवामानाचे हे कारण सांगतात. शिलेखान्यात वर्षानुवर्षे पडून राहिली तरी पोलादी कमानीत सुटायला सरसच नसतो.

चढवण्याआधी कमान शेगडीच्या दुरून येणाऱ्या उबेवर शेकतात, आणि पहिली दोरी लांब ठेवतात. एक बाजू अधिक वाकली तर ताठ बाजूच्या शिंगावरून खरवडतात, कंडरेला हात लावत नाहीत. पीळ पडला असेल तर शेकून, उलट दिशेने वळवून, थंड होईपर्यंत धरून ठेवतात. ओढ रोज थोडी वाढवतात. बाण न लावता दोरी सोडू नये. तो सारा जोर कमानीच्या सांध्यांवर येतो. तोल साधल्यावर पाठीवर पातळ कातडे किंवा झाडाची साल, वर रोगण. भारतीय कमानींवर सोनेरी वेलबुट्टी असे. ती शोभेची खरी, पण तिच्याखालचे रोगण ओल अडवते.