बिंदू कोठे ठेवावा? हवेच्या गणितातील एक जुना प्रश्न

१/ विमानाच्या पंखावरून वाहणारी हवा गणिताने मोजायची, तर ती लहान लहान घरांत विभागावी लागते. मग प्रश्न उरतो: दाब व वेग यांची नोंद घराच्या मध्यभागी ठेवावी की कोपऱ्यावर? प्रश्न क्षुल्लक भासतो, पण त्याला शतकभराचा इतिहास आहे.

२/ १९२२ साली लुईस फ्राय रिचर्डसन यांनी आकडेमोडीने हवामानाचे भाकीत करण्याची रीत ग्रंथरूपाने मांडली. त्यांच्या नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखी घरे होती: एकात दाब, शेजारच्यात संवेग. अर्थात, हा विचार संगणकाहूनही जुना.

३/ १९६५ साली लॉस अलामॉस येथे हार्लो व वेल्श यांनी दाब घराच्या मध्यावर आणि वेग घराच्या भिंतींवर ठेवला. दोन्ही एकाच बिंदूवर ठेवले, तर दाबाचा एकाआड एक खोटा चढउतार समीकरणांच्या नजरेतून निसटू शकतो.

४/ पुढे फायनाइट व्हॉल्यूम पद्धत रुजली. तिचे तत्त्व जमाखर्चाचे: घरात आले त्यातून गेले ते वजा, उरले ते शिल्लक. १९८१ साली जेमसन, श्मिट व टर्केल यांनी मध्यबिंदू निवडला. १९८२ साली रॉन-हो नी यांनी कोपरे.

५/ १९८६ साली जेमसन, बेकर व वेदरिल यांनी संपूर्ण विमानाभोवती चतुष्फलकांची जाळी विणली आणि नोंदी कोपऱ्यांवर ठेवल्या. अशा जाळीत घरे कोपऱ्यांच्या साधारण ५ ते ६ पट असतात. संगणकाची स्मृती तुटपुंजी असताना हा फरक मोठाच.

६/ मध्यबिंदूची बाजूही दुबळी नाही. त्याच जाळीत नोंदी अधिक, म्हणून तपशील अधिक. शिवाय प्रत्येक चतुष्फलकाला शेजारी चारच. उलट कोपरा थेट पंखाच्या पृष्ठावर बसतो; मध्यबिंदूवरून तेथील दाब अनुमानाने काढावा लागतो.

७/ आजही ओपनफोम मध्यबिंदूवर चालते, एसयू२ कोपऱ्यांवर. दोन्ही परंपरा जिवंत आहेत.

८/ इतिहासाच्या अभ्यासकाला यातून साधनचिकित्सेचा धडा मिळतो. जुन्या शोधनिबंधात ‘१० लाखांची जाळी’ असे वाचाल, तेव्हा आधी विचारा: १० लाख घरे की १० लाख कोपरे? हे न विचारता दोन गणनांची तुलना केली, तर कोणाचे काम मोठे हा निवाडाच चुकेल.