जुनी मोटार आणि तिचा मूळ पाठ

बंगळूरच्या छावणी भागात रविवारी सकाळी, वाहतूक पुरती जागी होण्याआधी, कधी कधी एखादी पन्नास-साठ वर्षांची मोटार संथपणे जाताना दिसते. तिचा मालक ती स्वतः हाकीत असतो. या छंदाकडे आपण सहसा श्रीमंतांची लहर म्हणून पाहतो. म्हैसूरच्या वाडियारांचा मोटारखाना आठवला, की हा समज आणखी दृढ होतो. तो सर्वस्वी खोटा नाही, पण अपुरा आहे. कारण याच शहराशी एका वेगळ्या मोटारीचा इतिहास निगडित आहे: जी येथे व्हावयाची होती आणि झाली नाही.

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने 1928 पासून मोटारी जुळविण्यास आरंभ केला होता. जुळविणे म्हणजे घडविणे नव्हे, हा भेद ज्यांना सर्वांत आधी बोचला त्यांत मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे म्हैसूरचे दिवाणपद भूषविलेले हे अभियंते 1935 मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीकडे झुकलेले असताना, मोटार-उद्योगाचा अभ्यास करण्यासाठी युरोप-अमेरिकेच्या प्रवासास निघाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद त्यांच्या योजनेच्या पाठीशी उभे राहिले. मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने अनुकूलता दर्शविली. परंतु 1939 मध्ये ते मंत्रिमंडळच गेले. म्हैसूर दरबाराने योजनेत रस घेतला, तर युद्धकाळातील भारत सरकारने पाठबळ देण्याचे टाळले. बंगळूरला मोटार-कारखाना झाला नाही. मात्र वालचंदांच्याच पुढाकाराने आणि म्हैसूर सरकारच्या भागीदारीने डिसेंबर 1940 मध्ये येथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ स्थापन झाली. ज्या शहराला मोटार मिळाली नाही त्याला विमान मिळाले. वालचंदांची मोटार पुढे मुंबईला, 1944 मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’च्या कुर्ल्याच्या कारखान्यातून, 1947 मध्ये बाहेर पडली.

स्वातंत्र्यानंतर तयार मोटारींची आयात जवळजवळ थांबली. 1957 पासून अँबेसिडर, त्याच दशकात आलेली आणि पुढे पद्मिनी झालेली फियाट, तिसरी मद्रासची स्टँडर्ड. मध्यमवर्गाचे मोटार-विश्व एवढेच होते. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे मिळालेली मोटार टाकून देण्याचा विचारच संभवत नसे. ती दुरुस्त करून, पुन्हा दुरुस्त करून चालविली जाई. बंगळूरच्या शिवाजीनगरातील गुजरी बाजार आणि जे. सी. रोडवरील सुट्या भागांची दुकाने या गरजेवर पोसली. न मिळणारा भाग कातून घ्यावा, दुसऱ्याच गाडीचा भाग घासून बसवावा, ही विद्या तेथील कारागिरांनी हातांनी जतन केली. तिची पोथी कोणी लिहिली नाही.

येथे साहित्याच्या अभ्यासकाला एक ओळखीचा प्रश्न भेटतो. हस्तलिखिताचे संपादन करताना आपण मूळ पाठ शोधतो आणि क्षेपक बाजूला काढतो. जुन्या मोटारीचा जाणता मालकही तेच करीत असतो: मूळ दिवा, मूळ चक्र, मूळ रंग. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीने या दृष्टीला कायद्याचे बळ दिले. पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले आणि सांगाडा, कवच वा इंजिन यांत मोठा बदल न झालेले खासगी वाहन ‘व्हिंटेज’ ठरते. त्याला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते. त्याचा नित्य वापर मात्र निषिद्ध आहे.

हा नियम स्वागतार्हच आहे, कारण त्यापूर्वी अशा वाहनांना कायद्यात स्वतंत्र ओळखच नव्हती. तरीही त्यातील इतिहासदृष्टी एकांगी वाटते. 1973 नंतर पेट्रोल महागले, तेव्हा या देशातील कित्येक थोराड अमेरिकी मोटारींच्या पोटात डिझेल इंजिने बसली. त्या तशाच भाड्याने धावल्या आणि त्यांवर संसार चालले. कायद्याच्या लेखी हे क्षेपक. पण आपल्या पाठपरंपरेचा अनुभव असा, की क्षेपक हाही पुरावा असतो. तो कोणत्या काळात आणि कोणत्या निकडीने घातला गेला, हे तो सांगतो. डेट्रॉइटहून आली तशीच राहिलेली मोटार आपल्याला डेट्रॉइटचा इतिहास सांगेल. आपला इतिहास त्या परक्या इंजिनात आहे.

जतनाचा दुसरा प्रश्न चालविण्याचा. श्रीरंगपट्टणजवळ जुन्या वाहनांचे ‘पयण’ नावाचे संग्रहालय उभे राहिले आहे. कन्नडमध्ये पयण म्हणजे प्रवास. संग्रहालये हवीतच. तथापि उभ्या मोटारीचे रबर कडक होते, टाकी गंजते आणि हाकणाऱ्याचे कसबही विसरते. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले आहे. ते ओलावा शोषते आणि जुन्या नळ्या व कार्ब्युरेटर यांना बाधते. म्हणजे मोटार चालती ठेवायची, तर पुन्हा त्या कारागिराकडेच जावे लागणार. रहदारीने गुदमरलेल्या आणि धुराने त्रासलेल्या बंगळूरने जुन्या गाड्यांचे कौतुक का करावे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु महिन्यातून काही मैल जाणाऱ्या वाहनावर या शहराच्या धुराचा भार टाकता येणार नाही.

2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाल्या, तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. ज्या मोटारीमागे विश्वेश्वरय्या आणि वालचंद यांची जिद्द होती, तिचे किती नमुने आपण राखणार, हे मात्र अद्याप ठरलेले नाही. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस सांभाळणारे हात पुष्कळ आहेत. साध्या फियाटची आणि ती दुरुस्त करणाऱ्या हातांची नोंद आज केली नाही, तर पुढच्या संपादकाला पोथी मिळेल. ती वाचून दाखविणारा मिळणार नाही.