बोटीवरचा तारबाबू

भुसावळचा आणि समुद्राचा संबंध काय, असे कोणीही विचारील. आमच्याकडे पाणी म्हणजे तापी. मुंबई आगगाडीने सुमारे साडेचारशे किलोमीटर. तरी गेल्या पावसाळ्यात माझ्या हाताखालून गेलेला एक मुलगा दारात उभा राहिला. "सर, बोटीवर वायरलेसवर काम करायचंय. एवढं सर्टिफिकिट चालेल ना?" कोणा दलालाला बापाची साठवण देऊन त्याने तो कागद आणला होता. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला मास्तर, कादंबऱ्या लिहितो एवढेच. पण कागद पाहून मला आजोबा आठवले.

आजोबा भुसावळ स्टेशनात तारबाबू होते. जेवतानाही त्यांची बोटे ताटाच्या कडेवर कडकट्ट वाजत. १७ जुलै १९४७ ची गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. त्या सकाळी 'रामदास' आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि थोड्याच वेळात काश्याच्या खडकाजवळ खवळलेल्या दर्यात कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर वायरलेस नव्हता! "इथून कल्याणला मी हां हां म्हणता तार पोचवीत असे," आजोबा म्हणत, "आणि हाकेवरच्या मुंबईला दुपार उलटेपर्यंत पत्ता नाही." मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी आपली मासळी समुद्रात फेकली आणि बुडती माणसे होड्यांत घेतली. त्या दिवशीची तार म्हणायची तर तीच.

बरे, नुसते यंत्र असूनही भागत नाही. १९१२ च्या एप्रिलमध्ये 'टायटॅनिक' हिमनगावर आदळली, तेव्हा जवळच्या 'कॅलिफोर्नियन' बोटीवर वायरलेस होता. पण तिचा एकुलता एक ऑपरेटर दिवसभराच्या कामाने थकून नुकताच झोपला होता. दूरवरच्या 'कार्पेथिया'ने हाक ऐकली म्हणून सातशेंवर माणसे वाचली. पुढे बोटींवर अखंड कान ठेवण्याचा नियम आला. ऑपरेटरची परीक्षा मात्र त्याआधीची. १९०६ च्या बर्लिनच्या करारानेच मिनिटाला २० शब्दांचा वेग आणि दुसऱ्याचा निरोप गुप्त राखण्याची हमी मागितली होती. हे दुसरे कलम मला फार आवडते. आजोबांनीही गावातल्या कोणाची तार कधी घरी सांगितली नाही.

१ फेब्रुवारी १९९९ पासून मोठ्या बोटींवरची मोर्सची सक्ती संपली आणि उपग्रहाची व्यवस्था आली. २०१३ च्या जुलैत आपली सरकारी तारसेवाही बंद झाली. परीक्षा राहिलीच. किनाऱ्याच्या रेडिओच्या टप्प्यात फिरणाऱ्या बोटीला मर्यादित दाखला चालतो. दूरच्या समुद्रात जाणाऱ्या बोटीला जनरल ऑपरेटरचा लागतो. आपल्याकडे तो दिल्लीच्या दळणवळण मंत्रालयातील वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विभाग परीक्षा घेऊन देतो.

मुलाच्या कागदावर नांगराचे झकास चित्र होते, पण या विभागाचे नाव कोठेच नव्हते. त्याला हे सांगताना माझी जीभ जड झाली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, खऱ्या परीक्षेचं नाव लिहून द्या."

मी ते मोठ्या अक्षरांत लिहून दिले. जुना कागद तो टेबलावरच ठेवून गेला.