भारहूतचा कठडा आणि आपली मुले

वर्णव्यवस्थेने येथील बहुसंख्य माणसांच्या हाती अक्षर लागू दिले नाही, हे आपण नेहमी सांगतो. परंतु अक्षराची वाट न पाहता शिकवण्याची एक परंपरा या देशात होती आणि ती बौद्धांनी उभी केली होती, याचा विचार आपण फारसा केलेला नाही.

मध्य प्रदेशाच्या सतना जिल्ह्यातील भारहूतचे स्तूपाचे अवशेष १८७३ साली कनिंगहॅम यांना आढळले. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील तेथील कठडा आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. त्यावर जातककथा कोरल्या आहेत; अनेक चित्रांपाशी ब्राह्मी लिपीत कथेचे नावही दिले आहे. त्यांतील मृगजातकाचे वर्तुळ पाहावे. तळाशी नदी, बुडणाऱ्या माणसाला पाठीवर घेऊन हरीण काठाला लागते आहे. वर तोच माणूस राजाला ते हरीण बोटाने दाखवतो आहे आणि राजाने धनुष्य ताणले आहे. पुन्हा तोच राजा हरणापुढे हात जोडून उभा. तिन्ही प्रसंग एकाच वर्तुळात. आधी काय घडले, मग काय घडले, हे पाहणाऱ्याने स्वतः जुळवायचे. निरक्षर आईच्या कडेवरचे पोरही ते जुळवू शकत होते.

हा खर्च कोणी केला? कठड्याच्या खांबांवर भिक्षू, भिक्षुणी, उपासक, उपासिका यांची नावे दाते म्हणून कोरलेली आहेत. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपल्या कामाची नोंद ठेवली आहे. म्हणजे कष्टकऱ्यांचे हातही या शिक्षणात होते.

पुढे पाचव्या शतकात अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात अशाच कथा रंगांत उतरल्या. सहलीला नेलेल्या मुलाला तेथे नुसते रंग आणि रेषा दाखवल्या, आणि आपल्या टोळीसाठी देहाचा पूल करणाऱ्या कपिराजाची गोष्ट सांगितलीच नाही, तर ते मूल लेणे पाहूनही कोरेच परतेल.

येथे एक रास्त आक्षेप येतो. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या धम्मग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला. मग पूर्वजन्मांच्या कथा मुलांना कशासाठी? माझे म्हणणे असे की, चित्रात दिसते ती कृती. तेवढीच मुलांपुढे ठेवावी. शिवाय निवडही आपण करावी. वेस्संतर स्वतःची मुले दान करतो. त्याला मुलांनी खुशाल प्रश्न विचारावेत.

पाली जातकसंग्रहात मातंगजातक आहे. त्यात बोधिसत्त्व चांडाळकुळात जन्मला आहे. श्रेष्ठीची मुलगी दिट्ठमंगलिका त्याला पाहते आणि अशुभ दिसले म्हणून डोळे धुते. तिच्याबरोबरचे लोक त्याला झोडपतात. तो तिच्या बापाच्या दाराशी जाऊन पडतो आणि सात दिवस हलत नाही. दृष्टीचाही विटाळ मानणाऱ्या समाजाची ही साक्ष बौद्धांनी जपून ठेवली आहे.

१९५६ नंतर जन्मलेल्या आपल्या पिढ्यांना वंदना पाठ आहे. आता बुद्धविहारांच्या भिंतींवर मुलांच्या हातून हे चित्र उमटू द्यावे: डोळे धुणारी मुलगी आणि दाराशी ठाण मांडलेला मातंग. त्याच्या चेहऱ्यावर काय दाखवायचे, ते मुलेच ठरवतील.