उंबरठ्यापलीकडची सोबत

१९७४ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारातच एक हायस्कूल सुरू झाले. शिक्षण अर्ध्यावर सुटण्याची भीती असलेल्या मुलांनी महाविद्यालय रोज पाहावे, कामाचा अनुभवही घ्यावा, ही प्रा. जॅनेट लीबरमन यांची कल्पना. २०११ मध्ये ब्रुकलिनच्या पी-टेक शाळेने तीच वाट पुढे नेली : सहा वर्षांत शालान्त प्रमाणपत्र आणि दोन वर्षांची महाविद्यालयीन पदवी, तीही विनाशुल्क, सोबतीला आयबीएममधील मार्गदर्शक.

हीरक महोत्सवी वर्षात मागे वळून पाहताना जाणवते : दहावीच्या निरोप समारंभानंतर पुढचे दार आपल्या मुलांनी एकट्यानेच ठोठावले, काहींनी तर ठोठावलेच नाही. माजी विद्यार्थ्यांनो, त्या दारापर्यंत सोबत करणारे आता तुम्हीच आहात.