लाळ नमुना संच

लाळ नमुना संच हे तोंडातील लाळ, गालाच्या आतील अस्तराच्या पेशी किंवा हिरड्यांलगत पाझरणारा द्रव वैद्यकीय तपासणीसाठी गोळा करण्याचे आणि तो प्रयोगशाळेपर्यंत सुस्थितीत पोहोचवण्याचे साधन आहे. संचात साधारणपणे शोषक टोक असलेली काडी (स्वॅब) किंवा नरसाळे लावलेली नळी, नमुना टिकवणारे द्रावण, घट्ट बसणारे झाकण आणि नाव, तारीख व वेळ लिहिण्याची चिठ्ठी असते. सुई टोचावी लागत नाही आणि बहुतेक वेळा नमुना स्वतःच घेता येतो, ही या पद्धतीची दोन मुख्य वैशिष्ट्ये होत. कोविड-१९ महासाथीच्या काळात या संचांचे नाव सर्वतोमुखी झाले. तथापि जनुकीय चाचण्या, संप्रेरकांचे मापन आणि एचआयव्ही चाचणी यांसाठी त्यांचा वापर त्यापूर्वीपासून होत आला आहे.

संज्ञा

लाळ, थुंकी, बेडका आणि घशाचा स्राव हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरले जातात. वैद्यकीयदृष्ट्या मात्र ते वेगवेगळे नमुने आहेत. लाळ ही तोंडातील लाळग्रंथींतून स्रवते. बेडका फुप्फुसांतून व श्वासनलिकांतून खोकून वर येतो. घशाचा व नाकामागच्या पोकळीचा स्राव लांब काडी आत घालून मिळवतात. महासाथीच्या काळात वृत्तपत्रे नाका-घशाच्या स्वॅबलाही सरसकट ‘लाळेचे नमुने’ म्हणत, त्यामुळे हा गोंधळ वाढला. तो केवळ शब्दांपुरता नाही. फुप्फुसाच्या क्षयरोगाच्या नेहमीच्या तपासणीसाठी खोलवरून खोकून काढलेला बेडका लागतो. रुग्णाने डबीत नुसती लाळ थुंकून दिली, तर क्षयाचे जंतू शरीरात असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो. जिभेवरून काडी फिरवून क्षयजंतू शोधण्याच्या पद्धतीवर अलीकडे संशोधन झाले आहे, पण ती वेगळी पद्धत आहे आणि डबीत दिलेल्या लाळेला ती लागू होत नाही.

लाळेत काय आढळते

निरोगी प्रौढाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात सुमारे ९९ टक्के पाणी असते. उरलेल्या भागात क्षार, पाचक रस, प्रतिपिंडे, संप्रेरके, तोंडातील असंख्य जीवाणू आणि अस्तरापासून सुटलेल्या पेशी असतात. या पेशींतून व लाळेतील पांढऱ्या रक्तपेशींतून डीएनए मिळतो. कॉर्टिसॉलसारखी काही संप्रेरके रक्तातून लाळेत झिरपतात. प्रथिनांना न चिकटलेला, म्हणजे शरीरात प्रत्यक्ष कार्यरत असलेला अंशच लाळेत उतरतो, त्यामुळे काही मापनांसाठी लाळ रक्तापेक्षा सोयीची ठरते.

हिरड्या व गाल यांच्या फटीतून पाझरणारा द्रव लाळेहून निराळा असतो. त्यात रक्तातील प्रतिपिंडे अधिक प्रमाणात येतात, म्हणून तोंडातून करावयाच्या एचआयव्ही चाचणीत काडी हिरड्यांवरून फिरवतात. या चाचणीत विषाणू शोधत नाहीत, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधतात.

संचांचे प्रकार

नरसाळ्याच्या संचात व्यक्ती तोंडात साचलेली लाळ नळीत सोडते. जनुकीय चाचण्यांच्या प्रचलित संचांत साधारण दोन मिलिलिटर लाळ लागते. झाकण बंद करताच त्यात साठवलेले द्रावण लाळेत मिसळते, जीवाणूंची वाढ थांबते आणि डीएनए शीतपेटीशिवाय दीर्घकाळ टिकतो. लहान मुले, अतिवृद्ध व्यक्ती आणि तोंड कोरडे पडणारे रुग्ण यांना एवढी लाळ देणे जड जाते. त्यांच्यासाठी गालाच्या आतून घासून घ्यायची काडी वापरतात. ऐच्छिक मूळपेशी दात्यांची नोंद ठेवणाऱ्या ‘दात्री’ या भारतीय नोंदणी संस्थेत ऊतींचा मेळ तपासण्यासाठी गालातील पेशींचा असाच नमुना घेतला जातो. शिबिरात काही मिनिटांत शेकडो तरुणांचे नमुने जमवणे त्यामुळे शक्य होते.

संप्रेरकांच्या तपासणीसाठी तोंडात धरून चावायची शोषक गुंडाळी असते. ती कापसाची की कृत्रिम धाग्याची, याला महत्त्व आहे. कापसातील वनस्पतिजन्य घटकांमुळे टेस्टोस्टेरॉनसारख्या काही संप्रेरकांचे आकडे चुकतात.

गुळणीचा संच या सर्वांहून वेगळा आहे. त्यात मिठाचे निर्जंतुक द्रावण तोंडात घेऊन गुळणी करतात आणि ते पुन्हा नळीत सोडतात. गुळणीमुळे घशापर्यंतचा स्राव मिळतो, म्हणून हा नमुना काटेकोर अर्थाने लाळेचा म्हणता येत नाही.

फायदे

नाकामागच्या पोकळीतून स्वॅब घेताना प्रशिक्षित कर्मचाऱ्याला रुग्णासमोर अगदी जवळ उभे राहावे लागते. काडी आत जाताच रुग्णाला शिंक, खोकला किंवा उमासा येतो, आणि संसर्गाचा धोका नेमका त्याच क्षणी सर्वाधिक असतो. रुग्णाने स्वतःच नमुना दिल्यास हा धोका बराच कमी होतो, संरक्षक पोशाख व हातमोजे कमी लागतात आणि कर्मचारी इतर कामांसाठी मोकळा राहतो. नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २०२० मध्ये ५० कोविड रुग्णांचे स्वॅब व गुळणी असे दोन्ही नमुने ताडून पाहण्यात आले. त्यात गुळणीचे निष्कर्ष स्वॅबशी जुळले आणि गुळणीचा त्रास रुग्णांना स्पष्टपणे कमी जाणवला.

वेदना नसणे ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते, पण वारंवार तपासणी करावी लागते तेव्हा तिचे मोल कळते. एकदा नाकात काडी घालून घेतलेला माणूस दुसऱ्यांदा तपासणीला येण्यास टाळाटाळ करतो, आणि मुलांच्या बाबतीत तर पालकच मागे हटतात.

कॉर्टिसॉलच्या मापनात हा फायदा थेट अचूकतेशी जोडलेला आहे. कॉर्टिसॉल हे ताणाबरोबर वाढणारे संप्रेरक असल्याने सुईच्या भीतीनेही त्याची पातळी चढू शकते. कुशिंग विकाराचा संशय असल्यास रात्री उशिराची पातळी पाहावी लागते, कारण निरोगी माणसात ती त्या वेळी सर्वांत खाली असते. मध्यरात्री रक्त देण्यासाठी रुग्णालयात जाण्यापेक्षा घरी अंथरुणाजवळ लाळेचा नमुना घेणे सोपे तर असतेच, शिवाय निष्कर्षही अधिक विश्वासार्ह मिळतो.

नवजात अर्भकांतील जन्मजात सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग हे आणखी एक उदाहरण आहे. या संसर्गामुळे बाळाला बहिरेपण येऊ शकते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात लाळेच्या पीसीआर चाचणीने ९७ टक्क्यांहून अधिक संसर्गित बाळे ओळखली. आईच्या दुधातील विषाणूमुळे खोटा होकार येऊ शकतो, म्हणून होकारार्थी निष्कर्ष लघवीच्या नमुन्याने पडताळतात. जन्मानंतर तीन आठवड्यांच्या आत नमुना न घेतल्यास संसर्ग जन्मजात की नंतरचा, हे ठरवता येत नाही.

नागपूरची गुळणी पद्धत

महाराष्ट्रात या विषयावरील सर्वांत उल्लेखनीय काम नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत (नीरी) झाले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या या संस्थेचे मूळ क्षेत्र पाणी, सांडपाणी व प्रदूषण हे आहे. संस्थेच्या पर्यावरणीय विषाणुशास्त्र विभागातील वैज्ञानिक डॉ. कृष्णा खैरनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठाच्या पाण्याच्या गुळणीवर आधारित आरटी-पीसीआर पद्धत विकसित केली. मे २०२१ मध्ये, दुसरी लाट सुरू असताना, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तिला मान्यता दिली.

या पद्धतीत रुग्ण सुमारे १५ सेकंद गुळणी करून द्रावण त्याच नळीत सोडतो. प्रयोगशाळेत हा नमुना नीरीने तयार केलेल्या विशेष द्रावणात सामान्य तापमानाला ठेवतात आणि नंतर तापवतात. उष्णतेने विषाणूचे आवरण फुटून आरएनए मोकळा होतो व त्यावर थेट आरटी-पीसीआर करता येते. नेहमीच्या पद्धतीत आरएनए वेगळा काढण्यासाठी स्वतंत्र रासायनिक संच, यंत्रे आणि बराच वेळ लागतो. हा टप्पाच गळाल्याने खर्च उतरला आणि सुमारे तीन तासांत निष्कर्ष मिळू लागला. नमुना घेण्यातील सोयीचीच चर्चा अधिक झाली, तरी या पद्धतीचे खरे सामर्थ्य प्रयोगशाळेतील या बचतीत होते असे म्हणावे लागेल, कारण त्या दिवसांत अहवाल रखडत होते ते तेथेच. सप्टेंबर २०२१ मध्ये हे तंत्रज्ञान उद्योगांना उपलब्ध व्हावे म्हणून केंद्रीय सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाकडे सुपूर्द करण्यात आले.

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ‘सलायव्हाडायरेक्ट’ पद्धतीनेही हाच मार्ग घेतला होता. तिला १५ ऑगस्ट २०२० रोजी तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. तिच्यात लाळेत प्रथिने तोडणारे विकर मिसळून नमुना ९५ अंश सेल्सिअसला पाच मिनिटे तापवतात. ती विशिष्ट कंपनीच्या नळीवर किंवा द्रावणावर अवलंबून नाही.

पुण्याच्या मायलॅब कंपनीचा ‘कोव्हीसेल्फ’ हा घरच्या घरी चाचणीचा संच याच सुमारास, मे २०२१ मध्ये मान्य झाला. तो अनेकदा लाळेचा संच म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात त्यात नाकपुडीतील स्वॅब लागतो आणि चाचणी प्रतिजनाची असते.

अचूकता व मर्यादा

कोविडच्या निदानात लाळ स्वॅबच्या तोडीची आहे का, यावर बराच वाद झाला. जानेवारी २०२१ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात लाळेची संवेदनशीलता ८३.२ टक्के आणि नाकामागील स्वॅबची ८४.८ टक्के आढळली. फरक अल्प आहे. तथापि दोन्ही पद्धतींतून काही बाधित निसटतात, हेही या आकड्यांतून दिसते.

एचआयव्हीच्या बाबतीत फरक अधिक गंभीर आहे. अमेरिकेत जुलै २०१२ मध्ये घरगुती वापरासाठी मान्य झालेल्या तोंडाच्या चाचणीची संवेदनशीलता, सामान्य लोकांनी स्वतः चाचणी केली असता, ९२ टक्के आढळली होती. याचा अर्थ सुमारे १२ बाधितांपैकी एकाला ‘नाही’ असा चुकीचा निष्कर्ष मिळतो. संसर्ग नुकताच झाला असल्यास प्रतिपिंडे तयार झालेली नसतात, त्यामुळे चूक होण्याची शक्यता आणखी वाढते. होकारार्थी निष्कर्षही अंतिम मानत नाहीत. भारतात एचआयव्हीचे निदान रक्ताच्या वेगवेगळ्या तत्त्वांवरील चाचण्यांनीच निश्चित करतात, आणि २०१७ च्या एचआयव्ही व एड्स अधिनियमानुसार चाचणीपूर्वी माहितीपूर्ण संमती आवश्यक आहे. संच घरी आला तरी ही गरज संपत नाही. उलट घरातील कोणी दुसऱ्याच्या नकळत त्याची काडी तपासणीला पाठवण्याचा धोका लाळेच्या संचांत रक्तापेक्षा अधिक संभवतो. जनुकीय चाचण्यांत हा प्रश्न पितृत्व व आनुवंशिक आजार यांच्याशी जोडला जातो.

हिवताप, डेंग्यू, हिमोग्लोबिन आणि मधुमेह यांच्या प्रचलित तपासण्यांसाठी आजही रक्तच लागते. ‘लाळेवरून सर्व आजार ओळखा’ अशा जाहिरातींना त्यामुळे आधार नाही.

नमुना देताना घ्यावयाची काळजी

नमुन्यापूर्वी किमान ३० मिनिटे काही खाऊ-पिऊ नये, दात घासू नयेत आणि चूळ भरू नये, असे बहुतेक संचांच्या सूचनांत असते. महाराष्ट्रात याला तंबाखू, मशेरी, पान व सुपारी यांची जोड द्यावी लागते. त्यांचा रंग व रसायने लाळेत उतरतात आणि पीसीआरच्या प्रक्रियेत अडथळा आणू शकतात. मशेरी हे अनेक स्त्रियांना व्यसन न वाटता दात घासणेच वाटते, म्हणून ‘तंबाखू खाल्ला का’ या प्रश्नाला नकार मिळतो. नमुना घेणाऱ्याने मशेरीचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारणे इष्ट ठरते.

हिरड्यांतून रक्त येत असल्यास संप्रेरकांचा नमुना बाद धरतात. लाळ मोजताना वरचा फेस धरू नये; खुणेच्या रेषेपर्यंत द्रव भरलेला असावा. नळीवर नाव व वेळ न लिहिणे ही सर्वांत साधी, तरीही नमुना वाया घालवणारी चूक आहे.

ग्रामीण भागातील उपयोग

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यासारख्या प्रदेशात नमुन्याचा प्रवास हाच तपासणीतील कच्चा दुवा असतो. वसई रोड–दिवा रेल्वेमार्गावरील खारबाव आणि त्याच्या आसपासच्या गावांतून मोठ्या तपासण्यांसाठी भिवंडीचे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय किंवा त्यापुढे ठाणे गाठावे लागते. विषाणूंसाठीचा नेहमीचा स्वॅब २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात न्यावा लागतो. पावसाळ्यातील रस्ते, गोदामांच्या वाहतुकीची कोंडी आणि अधूनमधून जाणारी वीज यांमुळे ही शीतसाखळी राखणे कठीण होते. सामान्य तापमानाला टिकणारा नमुना येथे केवळ सोयीचा नसतो, तर वापरता येण्याजोगा राहतो. यंत्रमाग व गोदामांत पाळीने काम करणाऱ्या मजुराला तपासणीसाठी दिवसाचा रोज बुडवावा लागतो. पाळी सुरू होण्यापूर्वी घरी देता येणाऱ्या नमुन्याने ही अडचणही कमी होते. मात्र संचावरील सूचना मराठीबरोबर हिंदी व उर्दूतही असणे भिवंडीत आवश्यक आहे. न वाचता येणाऱ्यांसाठी चित्रे लागतात.

विल्हेवाट

आरोग्य केंद्रात वापरलेल्या काड्या व बोळे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार पिवळ्या पिशवीत टाकतात. घरी वापरलेले साहित्य संचासोबत आलेल्या बंद पिशवीत ठेवून सूचनेप्रमाणे परत द्यावे लागते. काही संचांतील टिकवणारे द्रावण त्वचेला व डोळ्यांना त्रासदायक असल्याने ते मुलांच्या हाती लागू देत नाहीत आणि नमुना देण्यापूर्वी नळीतून ओतून टाकत नाहीत.