संयुगातील मूलद्रव्याचे वस्तुमान

संयुगाच्या ठरावीक वस्तुमानात एखाद्या घटक मूलद्रव्याचा वाटा किती आहे हे काढण्याच्या रासायनिक गणनेस संयुगातील मूलद्रव्याचे वस्तुमान काढणे असे म्हणतात. हा वाटा शंभर भागांत मांडल्यास त्यास मूलद्रव्याचे शेकडा प्रमाण म्हणतात. खतांतील पोषणद्रव्ये, खनिजांतील धातू आणि औषधांतील क्रियाशील घटक यांचे प्रमाण ठरवण्यासाठी ही गणना वापरली जाते.

तत्त्व

ही गणना स्थिर प्रमाणाच्या नियमावर आधारलेली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्राउस्ट यांनी हा नियम मांडला. संयुग खाणीतून मिळालेले असो वा प्रयोगशाळेत तयार केलेले असो, त्यातील मूलद्रव्यांच्या वस्तुमानांचे गुणोत्तर कायम राहते, असे हा नियम सांगतो. त्यामुळे रेणुसूत्र आणि अणुवस्तुमाने माहीत असल्यास मूलद्रव्याचा वाटा पुढीलप्रमाणे काढता येतो :

मूलद्रव्याचे वस्तुमान = संयुगाचे वस्तुमान × (रेणूतील त्या मूलद्रव्याच्या अणूंची संख्या × अणुवस्तुमान) ÷ रेणुवस्तुमान

आयनिक संयुगांत स्वतंत्र रेणू नसतात. तेथे रेणुवस्तुमानाऐवजी सूत्रवस्तुमान घेतात.

उदाहरण : युरिया

युरियाच्या एका रेणूत कार्बनचा एक, ऑक्सिजनचा एक, नायट्रोजनचे दोन आणि हायड्रोजनचे चार अणू असतात. त्यांची वस्तुमाने अनुक्रमे १२.०११, १५.९९९, २८.०१४ आणि ४.०३२ असून बेरीज ६०.०५६ येते. २८.०१४ ला ६०.०५६ ने भागल्यास ०.४६६५ मिळतात, म्हणजे शुद्ध युरियात ४६.६५ टक्के नायट्रोजन असतो. बाजारातील युरियात ओलावा व इतर अंश अल्प प्रमाणात असल्याने गोणीवर ४६ टक्के असा आकडा छापलेला असतो.

ऑक्साइडच्या रूपातील आकडे

खतांच्या गोणीवर नत्र हे नायट्रोजन मूलद्रव्याच्या रूपात दर्शवतात. स्फुरद आणि पालाश मात्र परंपरेने अनुक्रमे फॉस्फरस पेंटॉक्साइड व पोटॅशियम ऑक्साइड या ऑक्साइडांच्या रूपात दर्शवतात. प्रत्यक्ष खतात ही ऑक्साइडे नसतात. तो केवळ मोजणीचा संकेत आहे. फॉस्फरस पेंटॉक्साइडमध्ये फॉस्फरसचा वाटा ४३.६४ टक्के, तर पोटॅशियम ऑक्साइडमध्ये पोटॅशियमचा वाटा ८३.०१ टक्के असतो. म्हणून १०० किलो स्फुरद म्हणजे ४३.६४ किलो फॉस्फरस होय. माती परीक्षणाचा अहवाल मूलद्रव्यात आणि खताची शिफारस ऑक्साइडात असल्यास हे रूपांतर केल्याशिवाय दोहोंची तुलना करता येत नाही.

स्फटिकजल

स्फटिकजल असलेल्या संयुगात पाण्याचे वस्तुमानही सूत्रवस्तुमानात धरावे लागते. चोपण जमिनीच्या सुधारणेसाठी वापरल्या जाणाऱ्या जिप्सममध्ये कॅल्शियम सल्फेटसोबत पाण्याचे दोन रेणू असतात. त्यात गंधकाचे प्रमाण १८.६२ टक्के भरते; पाणी वगळून हिशेब केल्यास ते २३.५५ टक्के असे चुकीचे येते.

कांदा शेतीतील उपयोग

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगाव हे कांद्याच्या घाऊक बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात कांद्यासाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी शिफारस प्रचलित आहे. हे आकडे पोषणद्रव्यांचे आहेत, खतांचे नव्हेत. १०० किलो युरिया दिल्यास पिकास ४६ किलोच नत्र मिळते. १०० किलो नत्रासाठी सुमारे २१७ किलो युरिया लागतो.

एकाच खतातून दोन पोषणद्रव्ये मिळत असल्यास हिशेब एकत्रितपणे करावा लागतो. डायअमोनियम फॉस्फेट अर्थात डीएपी या खतात १८ टक्के नत्र व ४६ टक्के स्फुरद असते. ५० किलो स्फुरदासाठी सुमारे १०९ किलो डीएपी लागते आणि त्यासोबत १९.६ किलो नत्र आपोआप जमिनीत जाते. उरलेल्या ८०.४ किलो नत्रासाठी सुमारे १७५ किलो युरिया पुरेसा होतो. ही वजाबाकी न करता २१७ किलो युरिया दिल्यास नत्राची मात्रा जवळजवळ एक पंचमांशाने वाढते. नत्राच्या अतिरेकाने कांद्याची मान जाड राहते व साठवणुकीत सड वाढते. रब्बी कांदा कांदाचाळीत काही महिने साठवला जात असल्याने या चुकीचा परिणाम बाजारभाव मिळण्याच्या वेळी दिसतो.

हेच स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्यायचे झाल्यास, त्यात १६ टक्के स्फुरद असल्याने ३१२.५ किलो खत लागते. त्यातून नत्र मिळत नाही. मात्र सुमारे ११ टक्के गंधक असल्याने जवळपास ३४ किलो गंधक मिळते. पालाशासाठी ६० टक्क्यांचे म्युरेट ऑफ पोटॅश सुमारे ८३ किलो लागते.

गोणीचे वजनही हिशेबात महत्त्वाचे असते. २०१८ पासून युरियाची गोणी ५० किलोंऐवजी ४५ किलोंची झाली. त्यामुळे एका गोणीतील नत्र २३ किलोंवरून २०.७ किलोंवर आले. पूर्वीइतक्याच गोण्या टाकल्यास नत्र दहा टक्क्यांनी कमी पडते.

कांद्यातील गंधक

कांद्याचा तिखटपणा आणि उग्र वास गंधकयुक्त संयुगांमुळे येतो. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणाऱ्या प्रोपेनथायल एस-ऑक्साइडच्या रेणूत कार्बनचे तीन, हायड्रोजनचे सहा आणि ऑक्सिजन व गंधकाचा प्रत्येकी एक अणू असतो. रेणुवस्तुमान ९०.१४ आणि गंधकाचे अणुवस्तुमान ३२.०६ धरल्यास या संयुगाच्या एक तृतीयांशाहून अधिक, म्हणजे सुमारे ३५.६ टक्के वस्तुमान एकट्या गंधकाचे ठरते. कांद्याच्या पिकाला नत्र, स्फुरद व पालाश यांच्या जोडीने गंधकही देण्याची शिफारस केली जाते.